पाच वेबसाइट माझ्या, एक नित्याची

हसू नका भो, पण धुळ्याच्या नित्याचं नाव काढलं की माझा चहा आजही कडू होतो.

माझ्या स्वतःच्या पाच वेबसाइट. केळी, कापूस, भरिताची वांगी, असल्या विषयांच्या. एकीला व्हायरस लागला तर बाकीच्या वाचाव्यात म्हणून प्रत्येकीला वेगळा कप्पा हवा होता, म्हणून मी रिसेलर होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायची जागा ठोकात, घेतलं. ते खरं तर गिऱ्हाइकांना जागा विकणाऱ्यांसाठी असतं. माझं गिऱ्हाईक मीच!

मामेभाऊ नित्या म्हणाला, "दादा, माझ्या साइटला एक कप्पा दे ना." धुळ्यात शिकणाऱ्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्यांची साइट, दिसायला भंगार. दिला.

थोड्याच दिवसांत तिच्यावर ही गर्दी! माझ्या पाचही तिच्या पासंगाला पुरेनात. दात घासायच्या आधी मी तिचे आकडे बघायचो आणि जळायचो.

एकदा त्याचा फोन आला. वाटलं, आभार मानतोय.

"दादा, खोल्यांचे फोटो मावत नाहीत. जागा वाढवून दे."

"कुठून वाढवू? सगळी वाटून झाली."

तो फार प्रेमानं म्हणाला, "मग तुझ्या त्या पाच बंद कर ना. तशाही त्या तू एकटाच बघतोस."

खोटं बोलला. मी तर त्याचीच बघत होतो.