साबुदाण्याचा रोजा

हिल्डाबाई : ...तेव्हा मी त्यास म्हटले, रोज्याला उकडलेला बटाटा चालतो, मी स्वतः खाते. त्यावर आमचा इस्पितळातला इब्राहिम कंपाउंडर डोक्याला हात लावून खालीच बसला. सिंधुबाई, बटाटा चालतो ना?

सिंधुबाई : न चालायला काय झालं? मीठ तेवढं सैंधव हवं. थांबा, थांबा. रोज्याला म्हणालात?

हिल्डाबाई : होय. शेजारी धरतात तो उपवास स्वतः करून पाहावा, असे मला वाटले. आज माझा अठरावा.

सिंधुबाई : अहो हिल्डाबाई, तुम्ही श्रावण पाळताय ना? नक्त. दिवसा फराळ, दिवेलागणीनंतर जेवण. मी शुक्रवारी कहाणी ऐकायला येणाऱ्या बायकांना सांगून बसले, आमच्या माडीवरची जर्मन नर्सबाई महिनाभर नक्त करते म्हणून. त्यातल्या फुलाबाईंनी तुमच्या नावानं कपालेश्वराला बेल वाहिला.

हिल्डाबाई : पण मी आपणास अगदी स्पष्ट विचारले होते. नवा चंद्र दिसल्यापासून महिनाभर, सूर्य मावळल्यावर जेवायचे, असा उपवास कसा करतात? आपण म्हणालात, त्यात काय, मी शिकवते. ही पाहा वही. एका बाजूला चालते, दुसऱ्या बाजूला चालत नाही. भगर चालते, हळद चालत नाही.

सिंधुबाई : मग ते नक्तच की. यंदा दोन्ही महिने एकाच चंद्राला लागले, त्याला मी काय करू? तुम्ही रोज्याचं नाव तरी घ्यायचं.

हिल्डाबाई : मुद्दाम घेतले नाही. येथील चालीरीतींचे एक पुस्तक माझ्याकडे आहे, त्यात लिहिले आहे की, हिंदू घरात मुसलमानांच्या धर्माचा विषय काढू नये. त्यांची मने दुखावतात.

सिंधुबाई : कुणी लिहिलं ते? दर ईदेला पलीकडून शिरखुर्म्याची वाटी येते, तेव्हा नाही माझं मन दुखावत. आणि मला विचारण्यापेक्षा शेजारी अमीनुद्दीनचाचांनाच का नाही विचारलंत? भिंतीला भिंत लागून आहे.

हिल्डाबाई : ते कसे शक्य आहे? मुसलमान वृद्धास परकी स्त्री समोर आलेली आवडत नाही, असेही त्यात आहे. म्हणून दोन वर्षे ते बोळात दिसले की मी भिंतीकडे तोंड करते.

सिंधुबाई : अगं बाई. आणि चाचा मला म्हणतात, मडमला माझं तोंड बघवत नाही. तेही पाठ फिरवतात, ते का ठाऊक आहे? देवळालीच्या छावणीत पंचवीस वर्षं गोऱ्या साहेबांचे खानसामा होते ते. तिथं मडमेकडे मान वर करून बघितलं की नोकरी जायची. म्हणजे दोन वर्षं तुम्ही दोघं भिंतीकडे बघून एकमेकांचा मान राखताय.

हिल्डाबाई : पुस्तकात हे नाही.

सिंधुबाई : नसणारच. आता ऐका. रोज्यात फराळ नसतो. पहाटे उजाडायच्या आत खायचं, मग दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

हिल्डाबाई : पाणी नाही? आणि चहा?

सिंधुबाई : चहा पाण्याचाच करतात ना, बाई.

हिल्डाबाई : मी चार कप घेते. वॉर्डात, सर्वांच्या देखत.

सिंधुबाई : ती साबुदाण्याची खिचडी तशीच का खाली ठेवलीत?

हिल्डाबाई : झाकून ठेवते. सिंधुबाई, आता चाचांच्या नातीचे, शाहेदाचे काय होणार?

सिंधुबाई : तेच आलं माझ्या मनात. आज संध्याकाळी तुम्हाला रोजा सोडायला बोलावलंय ना त्यांनी?

हिल्डाबाई : होय. शाहेदाच निरोप घेऊन आली. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज बरोबर आणायला सांगितला आहे. उद्या शेवटची तारीख. वडील कुवेतला, म्हणून सही आजोबांची लागते.

सिंधुबाई : आणि महिन्याभरापूर्वी हेच चाचा मला म्हणाले होते, गोऱ्यांच्या शाळेत गेलेली पोर परत येते ती पाहुणी होऊन. किती समजावलं, ऐकायलाच तयार नाहीत. मग शाहेदा घरी सांगत गेली की तिथं शिकवणाऱ्या आपल्या शेजारच्या बाई रोजे धरतात. तिथं म्हातारा विरघळला.

हिल्डाबाई : मी त्यांना सर्व सांगणार आहे.

सिंधुबाई : सही झाल्यावर सांगा की. हे बघा, श्रावणात मी खोटं बोलत नाही, एरवीही नाही. पण कुणी विचारलं नसताना आपण होऊन सांगावं, असं काही कुठल्या कहाणीत नाही.

हिल्डाबाई : तो मनुष्य माझ्या भरवशावर आपली नात देणार. तो भरवसा साबुदाण्यावर कसा उभा राहील?

सिंधुबाई : उभा राहत नाही, खरं आहे. चिकटतो फार. बरं, मीही येते. शिकवणारी मीच ना. आज माझा तिसरा सोमवार आहे, शंकराला सांगून निघते.

(संध्याकाळ. चाचांची ओसरी. बांगेला थोडा वेळ आहे.)

चाचा : सिंधूताई, यांना सांगा, त्या भिंतीवर काही लिहिलेलं नाही. इकडे तोंड करून बसल्या तरी चालेल.

सिंधुबाई : चाचा, आधी तुम्ही वळा. तुम्हीही दाराच्या कडीशी बोलताय.

चाचा : घ्या, वळलो. बसा बाईसाहेब. रोजा कसा चाललाय?

हिल्डाबाई : चाचासाहेब, मला एक अपराध सांगायचा आहे. मी रोजा धरलेला नाही. म्हणजे धरला, परंतु त्यात दुपारी साबुदाण्याची खिचडी, रताळे आणि चार कप चहा होता. मला ठाऊक नव्हते. आज दुपारी कळले. शाहेदाने आपणास खोटे सांगितले नाही, मीच तिला तसे सांगितले. आपण सही केली नाहीत तरी मी समजून घेईन. तिला मात्र रागावू नका.

सिंधुबाई : चूक माझी आहे, चाचा. मला वाटलं, बाई नक्त करतायत. मीच साबुदाणा भिजवायला शिकवला.

चाचा : खिचडी किती वाजता करता?

हिल्डाबाई : साडेबारा वाजता.

चाचा : नाही. बारा वाजून वीस मिनिटं. त्या वेळी तुपात जिरं पडतं आणि माझी नजर या घड्याळाकडे जाते.

सिंधुबाई : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?

चाचा : ताई, खानसाम्याचं नाक आहे. पहिल्याच दिवशी कळलं. शेंगदाणा जरा जास्त भाजला होता. चौथ्या दिवसापासून नीट जमायला लागलं.

सिंधुबाई : मग इतके दिवस बोलला का नाहीत? आणि बोलावलंत कशाला?

चाचा : काय बोलणार? देवळालीत रमजानातही मी रोज सोळा माणसांचं रांधायचो. एक मेजर साहेब होता. सूप चाखून दाखव म्हणायचा. मी म्हणायचो, साहेब, वासावरून सांगतो, मीठ कमी आहे. तो हसायचा. पाणी पी, म्हणायचा, इथं तुझ्या अल्लाला कोण कळवायला बसलंय. वाईट नव्हता माणूस. विलायतेला जाताना हे घड्याळ मला देऊन गेला. पण रोजा कसा धरतोस, कशासाठी धरतोस, हे पंचवीस वर्षांत एका गोऱ्यानं विचारलं नाही. या बाईनं विचारलं. चुकीच्या घरी विचारलं, एवढंच.

सिंधुबाई : ऐकून घेते, चाचा. आज सोमवार आहे.

चाचा : बाईसाहेब, तुमच्या मुलखात आमच्याबद्दल काय बोलतात?

हिल्डाबाई : खरे सांगू?

चाचा : रमजान आहे. खरंच सांगा.

हिल्डाबाई : माझी आई प्रत्येक पत्रात लिहिते, शेजारी मुसलमान आहेत, दाराला दोन कुलपे लाव.

चाचा : लावता?

हिल्डाबाई : एकच आहे. त्याची किल्ली हरवते, म्हणून ती शाहेदाकडे असते.

चाचा : हे आईला लिहिलंत?

हिल्डाबाई : आज लिहीन.

चाचा : लिहा. आमच्याकडेही काही कमी बोलत नाहीत. मीच बोललोय. आणा तो अर्ज. पण एक विचारतो, मुलीला कपडे कसले घालायला लावता?

हिल्डाबाई : नियमात गुडघ्यापर्यंत फ्रॉक आहे.

सिंधुबाई : हिल्डाबाई, अहो, आधी सही तरी.

हिल्डाबाई : त्यांनी विचारले आहे. चाचासाहेब, सलवार चालेल असे वचन मी आजच देऊ शकत नाही. प्रिन्सिपॉलबाईंना उद्या सकाळी, अर्ज देण्याआधी विचारीन. नाही म्हणाल्या तर अर्ज तसाच आपल्या हातात परत आणून देईन.

चाचा : विचारा. विचारायची सवय चांगली आहे तुम्हाला. या खेपेला घर तेवढं बरोबर निवडलंत. कुठं करायची सही? इथं?

हिल्डाबाई : येथे. पालक या शब्दापुढे.

चाचा : घ्या. नाव लांब आहे, शेपूट चौकटीबाहेर गेलं. चालतं ना?

हिल्डाबाई : चालते.

सिंधुबाई : वहीत लिहून ठेवा.

चाचा : सिंधूताई, तुमचाही सोमवार सुटायचा असेल. शाहेदानं खजूर आणि केळी वेगळी काढून ठेवलीत. आमच्या भांड्याला लावलेली नाहीत.

सिंधुबाई : फळाला कसलं आलंय भांडं. द्या इकडे त्यातलंच. पण आधी तुमची बांग होऊ दे.

चाचा : आणि बाईसाहेब, दुपारचं काय झालं? आज जिऱ्याचा वास आला, पण मग ताट-वाटीचा आवाज आला नाही.

हिल्डाबाई : खिचडी तशीच झाकलेली आहे. कळल्यापासून मी काही घेतले नाही. पाणीही नाही.

चाचा : मग आज अर्धा तरी झाला म्हणायचा. ती टाकून देऊ नका. अठरा दिवस तो वास भिंतीवरून येतोय. माझा रोजा कुणी जड केला असेल तर तुम्ही केलात. जा, घेऊन या इकडे.

हिल्डाबाई : ती आता थंड झाली असेल, चाचासाहेब.

चाचा : पाण्याचा हात मारा आणि झाकण ठेवून वाफ काढा. गार साबुदाणा आता माझ्या दातांना झेपत नाही.