येसबा आचाऱ्याची लाज

मंडळी, एक सांगा बरं — माणसानं लाज कशाची धरावी? चोरीची? धरावी! लबाडीची? जरूर धरावी! पण दुखण्याची? …का हो, माना का खाली गेल्या? मृदंगबुवा, धरा ठेका! ऐका तर!

कऱ्हाडाकडच्या एका गावात येसबा आचारी होता. पाचशे पानांची पंगत एकटा उठवायचा! पण सहा महिने झाले, शौचाला रक्त जात होतं. कधी चार दिवस पोट साफ नाही, तर कधी दिवसाला चार खेपा! सदरा अंगात खेळायला लागला, कढई उचलताना धाप लागायची. बायको मथुरा म्हणायची, "अहो, डॉक्टरीणबाईंना दाखवा की!"

"मूळव्याध हाय गं! ताक पितोय न्हवं?"

बघा! निदान याचं, औषध याचंच! खरं कारण निराळंच. डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाची — तिच्यापुढं 'ते' बोलायचं कसं?

एका लग्नात भाताच्या चुलाणापाशीच येसबाला घेरी आली! मथुरेनं त्याला उचलून थेट दवाखान्यात नेलं.

"काय होतंय, काका?"

"डोकं दुखतंय."

"डोकं न्हाई, बाई!" मथुरा कडाडली. "रक्त पडतंय! ह्यांची धोतरं मी धुते, मला दिसत न्हाई व्हय?"

येसबाला वाटलं, धरणी दुभंगावी! डॉक्टरीणबाई हसली नाही. म्हणाली, "काका, मूळव्याध असेलही. पण वजन उतरलंय, पोटाची सवय बदललीय. आतून दुर्बिणीनं बघायलाच हवं."

बघितलं — मोठ्या आतड्यात गाठ! कॅन्सरची! "अजून पसरलेली नाही. काढता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पण आता थांबायचं नाही."

ऑपरेशनला नेताना येसबानं काय केलं? तीस वर्षांत चारचौघांत बायकोचा हात धरला नव्हता — तो गच्च धरला! "मथुरे, भ्या वाटतंय गं."

"मला बी," ती म्हणाली. "पर बोललासा, बरं झालं."

वाचला येसबा! आज पंगतीत उभा राहून स्वतःच सांगतो — "रक्त दिसलं की लपवू नका रं!" जेवणाऱ्यांचा घास अडकतो, पण चौघंजण तपासून आले!

तर मंडळी, देवापुढं पोटातलं सगळं ओकता, आणि डॉक्टरपुढं गेलं की डोकं दुखतं? अहो, देह ज्यानं दिला त्यानं आतडंही दिलंय. त्यात लाजायचं काय? बोला, इथं कोण कोण लपवून बसलंय?

कुणीच नाही? वा!

…मृदंगबुवा, तुमचा ठेका का हो चुकला?