पंडुमची चाळणी

(एटापल्ली तालुक्यातलं जंगलातलं एक गाव. एप्रिलची दुपार, ग्रामसभेची खोली. टेबलावर संगणक, त्याच्या पायथ्याशी एक रिकामं टोपलं.)

सुकरी: टोपलं काऊन आणलं म्हणून काय इचारते? गाण्याची पेटी न्यायले आणलं. चार वाजता सभा हाय. त्याच्या आधी काढून दे.

निशात: सुकरीबाई, हार्ड डिस्क हाय ते, मोहफूल नाई. टोपल्यात भरून घरी नेली तं एकबी गाणं कोणाले आयकू येणार नाई.

सुकरी: तेच पायजे.

निशात: तीन साल झाले मी चंद्रपूरहून येऊन राह्यली! तुमच्या एकटीचे दोनशे बारा गाणे हायेत याच्यात. एकेक गाणं लिवलं, कोणत्या कामाचं, कोणत्या सणाचं, सारं टाकलं. आन् तुमी म्हणता पुसून टाक?

धनराज: वस्तुस्थिती अशी आहे बाई, की चूक निशात मॅडमची नाही. चूक माझी आहे.

सुकरी: मास्तर, तुमी आज बोलूच नोका.

धनराज: मी तर शाळेच्या फलकासाठी झाडांची यादी करत होतो. शोधायच्या चौकटीत 'आंबा' असं टाकलं. आता मला काय ठाऊक, की सभेचा भोंगा संगणकाला जोडलेलाच राहिला आहे!

सुकरी: जोडलेला! मरका पंडुमचं, नव्या आंब्याच्या सणाचं गाणं वाजलं साऱ्या गावात! नवा आंबा अजून देवाले दाखवला नाई, एका लेकरानं कैरी चाटली नाई, आन् भोंगा सांगून राह्यला का खा आता. गायता बाजेवरून उठून धावला. एका पायात त्याची चप्पल, दुसऱ्या पायात सुनेची. म्हणते, पूजा करणारा मी, मले सोडून पंडुम केला कोणं?

निशात: सुनेची?

सुकरी: हासू नोको.

निशात: नाई हासत मी.

सुकरी: हासून राह्यली. लाल फुलाची होती ते चप्पल. थांब वो, मलेबी हासू येते मंग. पण गाणाऱ्या बाया नाई हासल्या. त्या म्हणतेत, ज्या पेटीले येळवखत समजत नाई, तिले आपले गाणे कायले? सांग, काय सांगू त्यायले?

निशात: सांगा का पेटीले येळवखत शिकवली म्हणून. दोन दिवस मी तेच करून राह्यली. पाहा इकडं. हे जे शोधायचं काम हाय ना, ते तयार आलेलं हाय. आपण शब्द टाकला का ते साऱ्या गाण्यायत फिरून येते. पण बनवणाऱ्यानं मधात जागा सोडली हाय. ज्याले पायजे त्यानं आपली चाळणी लावावी. मी लावली. पंडुम व्हायच्या आधी त्या पंडुमचे गाणे चाळणीतून खाली पडणारच नाई.

सुकरी: पंडुम कधी हाय, तुह्या चाळणीले कसं मालूम?

निशात: तारीख टाकली ना. मास्तरनं कॅलेंडर पाहून सांगतली.

सुकरी: मास्तरनं!

धनराज: मागच्या पाच वर्षांची सरासरी काढली मी, बाई. अत्यंत शास्त्रशुद्ध.

सुकरी: मास्तर, पंडुम का परीक्षा हाय तारखेले व्हायले? आंबा भरला पायजे. गावात कोणी मेलं नसलं पायजे. गायत्याले देवानं होकार देल्ला पायजे. आन् पल्याडच्या गावचा गायता येगळा, त्यायचा दिस येगळा. त्यायचा आधी झाला तं त्यायनं आयकावं, आमी नाई.

निशात: अल्ला! म्हणजे तारीखच नाई पायजे. मंग असं करू. चाळणी आधी पाहीन, शोधणारा कोणत्या गावचा. मंग पाहीन, त्या गावचा पंडुम झाला का. झाला का नाई, ते एका माणसानं फोनवर दाबायचं. तुमच्या गावचं कोण दाबन? गायता?

सुकरी: त्यानं फोन पाह्यला का आधी शिव्या देते. तो सांगन, मी दाबीन.

निशात: झालं. एवढंच तं लिवाचं हाय... हे काढलं... हे टाकलं. घ्या. तुमच्या नावानं उघडलं. करा परीक्षा. जेवढी अवघड करता येईन तेवढी करा.

सुकरी: मास्तर, लिवा. आंबा.

धनराज: आंबा. काहीच आलं नाही!

सुकरी: मरका लिवा.

धनराज: नाही आलं.

सुकरी: कैरी. आमराई. ते जीजानं गायलेलं गाणं लिवा, त्याच्यात आंब्याचं नावच नाई, नुसती फांदी वाकते म्हणते.

धनराज: फांदी... तेही नाही! वा, मॅडम, वा! सुंठीवाचून खोकला गेला!

निशात: तुमीच यादी देल्ली होती ना बाई, कोणतं गाणं कोणत्या पंडुमचं. शब्दावर नाई जात ते, तुमच्या यादीवर जाते.

सुकरी: हे काय लिवलं हाय कोपऱ्यात? आकडा हाय ना तो? अकरा?

निशात: कुठी? ...अरे यार.

धनराज: 'सापडली अकरा, दाखवली शून्य.'

सुकरी: म्हणजे पेटी म्हणते, अकरा हायेत माह्यापाशी, पण देत नाई. हे तं लेकराले मांडीवर बसवून समोर टोपलं झाकून ठेवल्यावानी झालं! आंबा झाकला, वास येऊन राह्यला.

धनराज: कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही.

निशात: मास्तर, म्हणी नको ना आता! थांबा. समजलं मले. शोधणं आधी झालं, मोजणं झालं, आन् चाळणी शेवटी लागली. चाळणी शोधायच्या आतच पायजे होती.

सुकरी: तू आधी मोजलं, मंग पाखडलं.

निशात: हो.

सुकरी: कोण करते असं? आधी पाखडा लागते, मंग मोजा लागते. सहा वर्साची पोरगी सांगन.

निशात: मले कोणं सूप हातात देल्लं होतं का कधी? ...हे इथून उचललं... इथी आत बसवलं... मास्तर, पंखा लावा ना, घाम फुटला मले. हं. आता लिवा.

धनराज: आंबा. 'सापडली शून्य.'

सुकरी: शून्य?

धनराज: निखळ शून्य, बाई!

सुकरी: बाप्पा! माह्याच तोंडचं गाणं, आन् मलेच म्हणते नाई! आणखी एक डाव लिवा.

धनराज: शून्य.

सुकरी: आणखी लिवा! मोठ्या अक्षरात लिवा!

धनराज: शून्य, बाई, शून्य! आता मीही माझ्या नावाने करून पाहतो. धनराज... संकेतशब्द... आंबा... अरे! आली! अकराच्या अकरा आली! पहिलं वाजायला...

निशात: भोंगा! भोंगा जोडलेला हाय का अजून?

सुकरी: वायर काढ! वायर!

धनराज: कोणती? इथे चार वायरी आहेत!

सुकरी: साऱ्या काढ!

निशात: मास्तर, पंख्याची काढली तुमी! काळी, काळी!

धनराज: काढली. काढली हो. वाजलं का काही?

सुकरी: 'रे' एवढंच वाजलं. गायता भाईर आला का पाय.

निशात: दारात उभा हाय. खाली पायाकडं पाहून राह्यला.

सुकरी: कोणत्या चपला हायेत?

निशात: आज दोन्ही त्याच्याच हायेत.

सुकरी: हात जोड. हासून हात जोड. हं, गेला तो. मास्तर, तुमाले काऊन दिसले गाणे?

निशात: त्यायचं गाव सिंदेवाही लिवलं हाय. तिथी हे पंडुमच नाई, म्हणून चाळणीनं काहीच अडवलं नाई. बरोबर चालली ते.

सुकरी: आठ साल झाले मास्तर इथचं पाणी पिऊन राह्यले. घर इथी, कोंबड्या इथी. सिंदेवाही कायची? आमचं गाव लिव त्यायच्या नावापुढं.

धनराज: बाई, पण सिंदेवाहीहून आईने काल आंब्यांची पेटी पाठवली आहे...

सुकरी: पाठवली असन. ठेवा झाकून.

धनराज: त्यातले चार पिकलेत!

सुकरी: मंग देवाले लवकर हो म्हणायले सांगा.

निशात: लिवलं. धनराज मास्तर, मुक्काम हेच गाव. आता तुमालेबी शून्य.

धनराज: शून्य. आ बैल मुझे मार, दुसरं काय!

सुकरी: पोरी, आता तुह्या नावानं लाव.

निशात: माह्या नावापुढं गावच नाई. मी बनवणारी हाय ना, मले सारंच दिसते.

सुकरी: गावच नाई? असं कोणी रायते का?

निशात: चंद्रपूर लिवते मंग.

सुकरी: चंद्रपूरच्या बायायनं शिकवले का तुले हे गाणे? त्या दिवशी जीजाचं गाणं घेतलं, तवा तू रडली होती. मी पाह्यलं. जीजा गेली, तिच्या तेरवीलेबी तूच पातेले घासत होती.

निशात: मी काय, मी तं अशीच...

सुकरी: बायायले मी सांगतो सभेत. पेटी इथीच रायते, टोपलं रिकामं नेतो. गायता कुरकुर करन, त्यालेबी शून्य दाखवू, खुश होईन. पण जिनं चाळणी बनवली, ते चाळणीच्या भाईर, हे नाई चालत. आमचं गाव लिव.

निशात: खरंच लिवू?

सुकरी: लिव.

निशात: मंग मलेबी थांबा लागन.

सुकरी: लागन.

निशात: किती दिवस?

सुकरी: गायता सांगन तवा.

निशात: ...लिवलं, बाई. आंबा टाकला. शून्य आलं. इतकं शून्य पाहून कोणी खुश होते का कधी? पाहा, मले रडू येऊन राह्यलं.

सुकरी: रडाचं मंग. आधी डबा उघड. सकाळपासून तुह्या डब्यातल्या कैरीचा वास येऊन राह्यला मले, काही बोलली नाई. तवा पावणी होती तू.

निशात: मीठ-तिखट लावून आणली होती, आलापल्लीच्या स्टँडवरून. दोनच फोडी खाल्ल्या, अल्लाकसम.

सुकरी: त्या पावणीनं खाल्ल्या. बाकीच्या भाईर काढून ठेव. पंडुमच्या दिवशी ये. पयली फोड देवाची, दुसरी तुह्यासाठी ठेवीन.