लांब बघ!

नाही, पण मी म्हणतो, चूक कुणाची? सांगा ना! एवढीशी पोर, अजून दुधाचे दात पडतायत, आणि नाकावर चष्मा! डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई विचारतात, "घरात कुणाला आहे?" मी ताडकन म्हटलं, "हिच्या माहेरी! सासरेबुवा, मेव्हणा, मेव्हणी... फोटो काढला की नुसत्या काचा चमकतात! आमच्या खानदानात, तुम्हाला सांगतो, एकालाही नाही!" बायकोने माझ्याकडे असं बघितलं ना... जाऊ दे.

तर बाई म्हणाल्या, "लागला तो लागला, पण फार वाढू देऊ नका, मोठेपणी डोळ्याच्या पडद्याला धोका असतो. रोज दोन तास उघड्यावर खेळू दे, पुस्तक डोळ्यांपासून दूर, आणि वाचता वाचता मधूनच लांब बघायचं. सहा महिन्यांनी आणा." धोका म्हणजे काय खेळ आहे का! एकुलती एक पोर!

झालं, घेतलं मी मनावर. पुस्तक नाकाला टेकलं, की "लांब बघ!" मोबाईलला हात लावला, की "लांब बघ!" बायको म्हणते, "अहो, निदान घास तरी ताटाकडे बघून खाऊ दे तिला!" आता बोला!

संध्याकाळी गच्चीवर नेतो. "लांब बघ! त्या टाकीवर काय आहे?" "कावळा, बाबा." म्हटलं, "कसला कावळा! पिशवी अडकलीय काळी." तेवढ्यात ती पिशवी उडाली. उडणारच, वारा होता! एकदा स्टॉपवर मी हात केला, तर म्हणे, "बाबा, ही आपली बस नाही." "गप चढ! मोठ्यांना शिकवतेस?" उतरलो कुठे? थेट डेपोत! आणि वर शेजारचे काका गावभर सांगतात, "याला शिंगं फुटली, समोरून ओळख देत नाही!" अहो, माणसाने जवळ येऊन हसावं ना!

असो. परवा सहा महिने भरले. पोरगी खुर्चीत, समोर अक्षरांचा तक्ता, आणि मी तिच्या मागे उभा. सगळ्यात खालची ओळ वाचायला लागली आणि मला राहवेना. "अगं, भ काय म्हणतेस? म आहे तो! नीट बघ!"

बाई म्हणाल्या, "अहो, ती बरोबर वाचतेय."

"मग छपाई फिकट आहे तुमची!"

बाई हसल्या. "नंबर जराही वाढलेला नाही हिचा. शाबास! आता उठ बाळ, बाबांना बसू दे."

नाही वाढला! देवाशप्पथ, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्या पाण्यातच बसलो खुर्चीत. बाईंनी भिंग घातलं आणि... अहो, भ! ढळढळीत भ! बाई म्हणाल्या, "हा नंबर लहानपणापासूनचा दिसतोय. शाळेत फळा दिसायचा?"

न दिसायला काय झालं? मी कायम पहिल्या बाकावर! आजवर समजत होतो, हुशार म्हणून बसवलं!

घरी आलो, तर बायकोने चपलासुद्धा काढल्या नाहीत, आधी माहेरी फोन! "आई, सापडलं गं चष्म्याचं खानदान!" तिकडून सासरेबुवा हसतायत, मेव्हणा हसतोय, पोरगी कमरेवर हात ठेवून समोर उभी...

मी? मी काय करणार! खिडकीशी गेलो आणि गुपचूप लांब बघत बसलो.