आळ्याच्या वाटेवर रडणारी गाडी

गाडीच्या आवाजाचं म्हणता, तर आमचं ऐका. आळ्याला नातीचा साखरपुडा व्हता. गाडीत माणसं खच्चून, म्हणून तिच्या शालूची पेटी टपावर बांधून आमी पेठहून निघालो. गाडीनं वेग धरला की कुंईऽऽ करून रडायची, थांबली की गप. माझा पोरगा नितीन सारखा उतरून बॉनेट उघडायचा, पण काय सापडंना. तिकडून फोनवर फोन, "शालू कुठंय?"

मंचरला मेस्त्री म्हणाला, "बेअरिंग गेलं असंल. गाडी ठेवा, उद्या बघू."

"उद्या? मग लग्नालाच येतो की!" नितीन ओरडला.

मी म्हटलं, "मेस्त्री, जरा बसून तर बघा, राव. ती चालतानाच रडती."

तो बसला. आवाज सुरू झाल्यावर त्यानं खिडकीतून डोकं काढून वर पाहिलं.

"पेटी कशानं बांधलीय?"

आमची म्हातारी म्हणाली, "ज्वारीवर पाखरं बसू नयेत म्हणून शेतात ताणतो ना, ती चमकती प्लास्टिकची पट्टी. उरली व्हती."

वाऱ्यावर तीच वाजत व्हती! मेस्त्रीनं पट्टी काढून दोरीनं पेटी आवळली, गाडी गप झाली आणि शालू वेळेत पोचला.

उतरताना म्हातारी हळूच म्हणाली, "तरीच म्हटलं, वाटंला एक पाखरू दिसलं न्हाई."