रानपिंगळ्याच्या दारी तीन दिवस

मंडळी, एक सांगा – दर्शन कोणाच्या सोयीनं घ्यायचं? आपल्या, की ज्याचं घ्यायचं त्याच्या? घाई नको. आधी ऐका!

गुहागरच्या शालनताई खातू. शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेलं. डॉक्टर म्हणाले, ‘डोळ्याचा पडदा सुकतोय. वर्षभरात चेहरेही ओळखता येणार नाहीत.’ आपण काय केलं असतं? रडलो असतो! बाई म्हणाल्या, ‘मग रानपिंगळा याच वर्षी!’ रानपिंगळा म्हणजे वीतभर घुबड. भर दिवसा शिकार करणारं, मेळघाटच्या सागात राहणारं – फार थोडं उरलेलं.

मुलगा म्हणाला, ‘आई, मोबाइलवर बघ ना!’

‘नातूही मोबाइलवरच बघू का रे?’

हसताय काय? तुमच्या घरी तेच चाललंय!

एसटी, रेल्वे, पुन्हा एसटी, शेवटी जीप. दोन दिवसांनी बाई पोचल्या. वाटाड्या सोमाजी कासदेकर यानं सागातली ढोली दाखवली आणि मोबाइल काढला. ‘बाई, यात त्याचा आवाज आहे. वाजवला की समोर हजर!’

‘कशाला येतो?’

‘दुसरा नर घुसला समजून – भांडायला.’

‘आणि ढोलीत?’

‘पिल्लं.’

‘तो भांडत बसला तर त्यांना कोण भरवणार? ठेवा तो खिशात.’

‘सगळे वाजवायला लावतात, बाई.’

‘लावू देत. मी बसते.’

आणि बसल्या! एक दिवस. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी परतीची जीप अकराला. साडेदहाला सोमाजीचं बोट वर गेलं – ‘आला! चोचीत सरडा!’

बाईंनी दुर्बीण लावली. पानं दिसली, ऊन दिसलं. मधे करडा डाग – पक्ष्याचा की डोळ्याचा, कळेना.

‘दिसला ना?’

मंडळी, नुसती मान हलवायची होती! पण बाई म्हणाल्या, ‘नाही दिसला, दादा.’

सोमाजीचा हात खिशाकडे गेला. ‘एकदाच वाजवतो. अगदी जवळ येईल!’

बाईंनी त्याचं मनगट धरलं. ‘आत गेला का तो?’

‘गेला.’

ढोलीतून बारीक चिरचिर आली. मग थांबली.

‘जेवली?’

‘जेवली, बाई.’

‘मग चला,’ म्हणाल्या, आणि उठल्या.

आता कोणी म्हणेल – एवढ्या लांब जाऊन रिकाम्या हाती! आणि आपण? देवळात शिरलो की पहिली घंटा! ये! बघ माझ्याकडे! अहो, तो त्या वेळी कोणाच्या तोंडात घास घालतोय, हे विचारलंत कधी? उद्या सकाळी गाभाऱ्यासमोर उभे राहा. घटकाभर थांबा. हात मात्र खाली ठेवा!