पंचवीसपैकी पंचवीस

(भाषावर्गाची खोली. बाकीचे विद्यार्थी घरी गेलेत. तपासून मिळालेली स्पॅनिशची उत्तरपत्रिका काकूंनी शिक्षिकेपुढे ठेवली आहे.)

शिक्षिका : पैकीच्या पैकी मिळाले म्हणून भांडायला आलेल्या तुम्ही पहिल्याच, काकू.

काकू : भांडायला नाही, विचारायला आलेय. ही तुम्ही वाचलीत का?

शिक्षिका : वाचली की. प्रत्येक उत्तराला खूण आहे, खाली 'शाब्बास' लिहिलंय.

काकू : पंचविसावं उत्तर मोठ्यानं वाचा बरं.

शिक्षिका : 'छाती छत्तीस, कंबर तीस, बाही...' हे काय?

काकू : शेजारणीच्या कोटाचं माप. चांगलं मराठीत लिहिलंय, मुद्दाम. त्यालाही बरोबरची खूण.

शिक्षिका : नजरचुकीनं झालं असेल. इतक्या उत्तरपत्रिका असतात...

काकू : नऊ असतात. त्या बँकेतल्या मुलाची मी पाहिली, लाल शाईनं नुसती माखलीय. त्याच्या एकेका चुकीपाशी तुम्ही चार-चार ओळी लिहिल्यात आणि माझी शाब्बासवर बोळवण. का?

शिक्षिका : खरं सांगू? त्याला नोकरीसाठी परीक्षा द्यायचीय. तुम्ही या वयात हौसेनं येता. म्हटलं, उगाच कशाला हिरमोड करा.

काकू : हौस. बरं. रविवारी नातीशी फोनवर बोलले. पाच वर्षांची आहे, तिकडे परदेशातच जन्मलेली, मराठीचा एक शब्द येत नाही तिला. तिच्यासाठी तीन लाल झगे शिवलेत. ते दाखवले आणि तुमच्या शाब्बासच्या जिवावर ठणकावून म्हणाले, 'त्रेस बेस्तीदो रोहो.'

शिक्षिका : बेस्तीदोस रोहोस. झगे अनेक झाले की रंगालाही...

काकू : ते मला तिनं सांगितलं. एवढ्याशा पोरीनं. तुम्हाला दोन महिन्यांत सांगायला जड गेलं. वर आईच्या हातात फोन देऊन म्हणाली, आजीला बोलता येत नाही. लेक लपवत होती, मीच खोदून विचारलं.

शिक्षिका : मुलं बोलतात हो असं. मनाला लावून घेऊ नका.

काकू : पुढच्या महिन्यात लेकीचं दुसरं बाळंतपण आहे. पहिल्या वेळी ती कशीबशी वाचली. म्हणून या खेपेला दहा दिवस आधीच भरती व्हायला सांगितलंय. जावई तिच्यापाशी राहणार. मी तिकडे जातेय, घरात मी आणि ती पोर. ती विचारेल, माझी आई कशी आहे. तेव्हा मी काय म्हणू? शाब्बास?

शिक्षिका : हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

काकू : तुम्ही विचारलं नाहीत. त्या मुलाला पहिल्याच दिवशी विचारलंत, कशासाठी शिकतोस. मला म्हणालात, काकू, पंख्याखाली बसा.

शिक्षिका : चुकलंच माझं.

काकू : अकरा जणी माझ्या हाताखाली शिवण शिकल्या. टीप वाकडी गेली की उसवायला लावायची मी. रडायच्या, मनातल्या मनात शिव्याही घालत असतील. पण एकीलाही म्हातारी आहेस, लहान आहेस म्हणून सोडलं नाही. सोडलं असतं तर त्यांची फी कुठल्या तोंडानं घेतली असती?

शिक्षिका : द्या ती उत्तरपत्रिका. आणि बसा... हे चूक. हेही. 'फ्लोर'ला, म्हणजे फुलाला, नुसता स लावून भागत नाही, फ्लोरेस होतं. 'कासास ब्लांको' नाही. पांढरी घरं अनेक, मग ब्लांकास. हे बरोबर आहे. हे नाही... काकू, पंचवीसपैकी सहा.

काकू : असू दे. सहा तरी माझे आहेत. आता मला एक वाक्य शिकवा. तुझी आई आणि बाळ, दोघं बरी आहेत.

शिक्षिका : तु माद्रे ई एल बेबे एस्तान सानोस.

काकू : तु माद्रे... ई एल बेबे... एस्तान सानो.

शिक्षिका : चुकलं, काकू. दोघं आहेत. पुन्हा म्हणा.